आईच्या चेहऱ्यावरचं पुरळ : चार जणांनी चार कारणं सांगितली, आता काय करावं?

रानवारा

नमस्कार. धागा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आई ५८ वर्षांची. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आणि थोडं जिरायत रान आहे. आई रोज रानात, मी नोकरीला पुण्यात. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तिच्या पापण्या सुजल्या, कपाळ आणि गाल लाल झाले, मानेला खाज सुटली. गावातल्या डॉक्टरांनी "अ‍ॅलर्जी आहे, फवारणीचं औषध लागलं असेल" म्हणून गोळ्या आणि एक ट्यूब दिली. आठवड्याच्या आत चेहरा स्वच्छ झाला. ट्यूब थांबवली की पुन्हा उठायचं, म्हणून आई तीच ट्यूब मेडिकलमधून आणून लावत राहिली. चिठ्ठी कुणी मागितली नाही.

दिवाळीनंतर पुरळाचं रूप बदललं. गालावर आणि हनुवटीजवळ लाल चट्टे, कडेला बारीक पुळ्या, उन्हात गेली की आग. सांगलीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी बघताक्षणी "नायटा" म्हटलं, ट्यूब बंद करायला लावली आणि बुरशीच्या गोळ्या लिहून दिल्या. ट्यूब थांबल्यावर चेहरा आणखी भडकला. आई घाबरली, गोळ्याही सोडल्या. मधल्या काळात मावशीच्या ओळखीच्या वैद्यांनी पित्त आणि रक्तदोष सांगून लेप दिला. शेवटी मी तिला पुण्याला आणलं. इथल्या फिजिशियननी गाल आणि नाकावरची लाली बघून सांधे दुखतात का विचारलं. गुडघे दुखतातच. रक्तात एएनए (शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनवतं ती द्रव्यं शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह, १:८० आलं. ते म्हणाले, ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, असू शकतो, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

अ‍ॅलर्जी, नायटा, पित्त, ल्युपस. आई म्हणते, "एकालाबी कळंना झालंय, मी आता कायबी लावणार न्हाई." रात्रभर खाजवत बसते. भाचीच्या साखरपुड्यालाही आली नाही.

चौघंही शिकलेले, अनुभवी. मग एकाच चेहऱ्याला चार नावं कशी पडतात? आणि यातलं कुणाचं ऐकायचं?

---

सह्यकडा

काळजी करू नका. कोरफडीचा ताजा गर आणि हळद लावून बघा, आमच्याकडे सगळ्यांना गुण आला आहे. लिंबाचा रसही चांगला.

---

निशिगंध

लिंबू अजिबात लावू नका. लिंबाचा रस लागलेली कातडी उन्हात गेली तर भाजल्यासारखे डाग पडतात, आणि या काकू तर रानात काम करतात. कोरफड-हळदही सध्या नको. आधीच चिडलेल्या कातडीवर काहीही नवं लावलं की पुढच्या डॉक्टरला मूळ काय आणि लावलेल्याचा परिणाम काय हे ओळखता येत नाही.

मला ल्युपस आहे, गेली बरीच वर्षं. म्हणून त्या एएनएबद्दल लिहिते, कारण रिपोर्टवरचा 'पॉझिटिव्ह' हा शब्द वाचून घरात काय होतं ते मी बघितलं आहे. १:८० म्हणजे रक्तद्रव ऐंशी पट पातळ करूनही तपासणी पॉझिटिव्ह येणं, आणि हे अगदी खालचं प्रमाण आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पाहणीत पूर्ण निरोगी माणसांपैकी सुमारे १३ टक्के लोकांत १:८० ला एएनए पॉझिटिव्ह आलं होतं. १:१६० ला ५ टक्के. म्हणजे गावच्या ग्रामसभेत बसलेल्या शंभर धडधाकट माणसांचं रक्त काढलं तरी डझनभर निघतील. २०१९ च्या निकषांत ल्युपस म्हणायला निदान १:८० एएनए लागतं हे खरं, पण ते फक्त दार आहे. पुढे डीएस-डीएनए, सी३ आणि सी४ या रक्ताच्या तपासण्या, रक्तपेशींची मोजणी आणि लघवीतली प्रथिनं बघतात. लघवीची तपासणी झाली आहे का? ती स्वस्त आहे आणि महत्त्वाची आहे.

अजून एक. ल्युपसची ती फुलपाखरासारखी लाली बहुतेक वेळा नाकपुड्यांपासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घडीत नसते. घडी स्वच्छ राहते. काकूंच्या घडीत लाली आहे का, बघा. तोंडात न दुखणारे फोड, केस गळणं, बारीक ताप, सकाळी बोटं आखडणं, हेही विचारा. मात्र गुडघेदुखी या वयात, शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला, वेगळ्या कारणानेही असते.

संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवणं टाळा असं मी म्हणत नाही. दाखवाच. फक्त तोवर आईला "तुला ल्युपस आहे" असं सांगू नका.

---

त्वचावैद्य

मी त्वचारोगांची प्रॅक्टिस करतो. चेहरा न बघता निदान करणार नाही, फोटोवरूनही नाही. पण "चार नावं कशी" याचं उत्तर तुमच्या लिहिण्यातच आहे. गावच्या डॉक्टरांनी पावसाळ्यातला चेहरा बघितला. सांगलीच्या डॉक्टरांनी दीर्घकाळ ट्यूब लावलेला बघितला. पुण्याच्या डॉक्टरांनी ट्यूब सुटून भडकलेला बघितला. हे तीन वेगवेगळे चेहरे आहेत.

म्हणून पहिला प्रश्न : त्या ट्यूबवर घटक काय लिहिले आहेत? रिकामी ट्यूब, खोका, जे असेल ते शोधा.

दुसरं, अगदी सुरुवातीला, कोणतंही मलम लावण्याआधी, पुरळ नक्की कुठे होतं? हनुवटीच्या खाली, कानांच्या मागे, मानेच्या घड्यांत, कोपराच्या आतल्या बाजूला होतं का? उन्हाने होणारं पुरळ सावलीतल्या जागा सोडतं. हनुवटीखालचा भाग, कानामागचा भाग आणि वरची पापणी त्यात वाचते. हवेतून उडणाऱ्या पदार्थाची अ‍ॅलर्जी मात्र नेमकी तिथेच बसते. पापण्या सुजल्या होत्या असं तुम्ही लिहिलंय, ते मला महत्त्वाचं वाटतं.

तिसरं, घरात आणखी कुणाला खाज आहे का? जांघेत, कमरेला, साडीच्या निऱ्यांखाली?

---

रानवारा

डॉक्टर, मनापासून आभार. गावी फोन केला.

ट्यूब सापडली. क्लोबेटासॉल, निओमायसिन आणि मायकोनाझोल. सुरुवातीच्या दिवसांतला भावाच्या मोबाइलवरचा फोटो मिळाला. पापण्या, कपाळ, मान, आणि आई सांगते की कोपराच्या लवणीत आणि कानामागेही फार खाजायचं. हनुवटीखालीही होतं.

वडिलांना कमरेला गजकर्ण आहे, वर्षभर तरी. ते पण तीच ट्यूब लावतात. टॉवेल एकच.

निशिगंधताई, नाकाजवळच्या घडीत लाली आहे. लघवीची तपासणी झालेली नाही, करून घेतो.

---

औषधवाला

माझं मेडिकल स्टोअर आहे, म्हणून हे लिहिणं माझं कामच आहे.

क्लोबेटासॉल हे लावण्याच्या स्टेरॉइडमधलं सर्वांत जहाल गटातलं. तळव्याच्या जाड कातडीला, सोरायसिसच्या चट्ट्याला ते देतात. चेहऱ्याची कातडी पातळ, तिथे ते झपाट्याने मुरतं. मार्च २०१८ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून लावण्याची १४ स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये घेतली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकणं कायद्याने चालत नाही. त्याआधी लावायच्या औषधांना सवलत होती, म्हणून पिढ्यान्पिढ्या लोकांना सवय लागली : "ती खाजेची ट्यूब द्या." आजही दिवसाला कितीतरी जण तसंच मागतात, आणि मी नाही म्हटलं की शेजारी जातात. तरी नाहीच म्हणायला हवं. अशा ट्यूबमध्ये स्टेरॉइड, जंतूंचं औषध आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. गिऱ्हाइकाला वाटतं, एका ट्यूबमध्ये सगळ्यावर इलाज आला.

---

त्वचावैद्य

आता थोडं मोकळेपणाने लिहितो, तरी तपासणीशिवाय यातलं काहीही पक्कं धरू नका.

स्टेरॉइड बुरशी मारत नाही. बुरशीशी लढताना कातडी लाल होते, खाजते, ती लढाई स्टेरॉइड थांबवतं. रुग्णाला बरं वाटतं आणि बुरशी निवांत पसरते. काही आठवड्यांत नायट्याची ओळखीची गोल कड पुसली जाते, खवले जातात, पुळ्या येतात. पुस्तकात याला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात. चेहऱ्यावरचा नायटा तर मुळातच फसवा. उन्हात आग होते, दोन्ही गालांवर पसरतो, म्हणून ल्युपस, रोझेशिया (चेहऱ्यावर लाली टिकून राहणारा आजार), एक्झिमा यांच्या नावाने त्यावर उपचार झालेले आम्ही नेहमी बघतो. तुमच्या पुण्याच्या फिजिशियनना ल्युपसची शंका येणं यात गैर काही नाही. त्यांच्यासमोर ट्यूब ठेवली गेली नसणार.

त्यातून आपल्या देशात गेल्या दहा-बारा वर्षांत नायटा बदलला आहे. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव २०२० साली मिळालेली एक बुरशी आता जास्त दिसते. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही. घरातल्या घरात पसरते. वडिलांची कंबर आणि आईचा चेहरा यांचा संबंध असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

आणि ट्यूब सोडल्यावर चेहरा भडकणं, हे औषध चुकल्याचं लक्षण नसतं. स्टेरॉइडने दाबलेली लाली उसळून वर येते. महिनोन्महिने चेहऱ्यावर स्टेरॉइड लावलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसतात, लव वाढते, पुळ्या येतात, आणि लावल्याशिवाय राहवत नाही अशी अवस्था होते. या सगळ्याला मिळून २००८ साली भारतातल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतंत्र नाव दिलं, इतके रुग्ण इथे येतात. सांगलीच्या डॉक्टरांनी ट्यूब बंद केली ते अगदी बरोबर. आधी सांगायला हवं होतं की काही आठवडे चेहरा वाईट दिसेल, तग धरा. ओपीडीत शंभर रुग्ण असले की हे एक वाक्य राहून जातं आणि त्या एका वाक्यावाचून उपचार मोडतो. आमच्या व्यवसायातली ही मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट आहे.

पण पापण्या, कानामागे, कोपराची लवण, मान. हे नायट्याने होत नाही. पावसाळ्यात आधी वेगळंच काहीतरी झालं होतं.

---

आजोबा_विटा

मी सांगतो काय ते. गाजर गवत.

आमच्या आण्णांना हाच त्रास. दरवर्षी पाऊस पडला, पांढरी फुलं आली की डोळे सुजायचे, मान काळी-जाड पडली होती, कपाळाला सुरकुत्यांसारख्या घड्या. फवारणी म्हणा, ऊन म्हणा, सगळं करून झालं. शेवटी मिरजेत पाठीला पट्ट्या लावून तपासलं तेव्हा कळलं. आमच्या भागात कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलं म्हणतात, आता बांध, गटार, शाळेचं मैदान, कुठलंच रान सुटलेलं नाही. रानवारा, तुमच्या बागेच्या कडेला असणारच. बघा.

---

रानवारा

आजोबा, बांधावर कमरेएवढं आहे. आई दर पावसाळ्यात हातानं उपटते.

---

त्वचावैद्य

आजोबांनी नेमकं सांगितलं. गाजर गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. झाडाचे सूक्ष्म केस, फुलांची आणि वाळलेल्या पानांची धूळ हवेतून कातडीवर बसते. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एका पावसाळ्यात शरीर बिथरतं, त्यानंतर थोड्याशा धुळीनेही उठतं. हा एकेकाळी पुण्याच्या त्वचारोग विभागांनी जगाला दाखवलेला आजार आहे.

तेव्हा माझी सूचना अशी. एकाच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, शक्यतो सांगलीच्या त्याच डॉक्टरांकडे. त्यांनी मधला टप्पा बघितला आहे. ट्यूब, लेपाची पुडी, पहिला फोटो, एएनएचा रिपोर्ट, सगळं पिशवीत घालून टेबलावर ठेवा. चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून केओएच या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. त्याच बैठकीत उत्तर मिळतं. वडिलांनाही न्या. पॅच टेस्ट, म्हणजे पाठीला पट्ट्या लावून करायची अ‍ॅलर्जीची तपासणी, नंतर, चेहरा शांत झाल्यावर.

---

पूर्वा_टोरंटो

एवढा गोंधळ असताना सरळ बायॉप्सी (कातडीचा तुकडा काढून तपासणं) का नको? मला इथे रोझेशियाचं निदान व्हायला फार वेळ लागला, कारण सावळ्या कातडीवरची लाली डॉक्टरांच्या डोळ्यांना दिसतच नव्हती. बायॉप्सीने प्रश्न सुटला.

---

त्वचावैद्य

पूर्वा, सावळ्या कातडीवर लाली तपकिरी किंवा जांभळट दिसते आणि निसटते, हा तुमचा मुद्दा अगदी खरा. बायॉप्सीला माझा विरोध नाही. पण चेहऱ्यावर व्रण राहतो, आणि स्टेरॉइडखालच्या कातडीचा तुकडा काही वेळा काहीच ठाम सांगत नाही. खरवडून बघायला टाका लागत नाही, म्हणून आधी ते. त्यात काही मिळालं नाही आणि ल्युपसची शंका उरली तर बायॉप्सी करावीच, बुरशी दाखवणारा खास रंग आणि इम्युनोफ्लुरोसन्स (ल्युपसच्या खुणा चमकवून दाखवणारी तपासणी) दोन्ही मागून.

---

मधुमालती

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे. ओल येणाऱ्या, आग होणाऱ्या चेहऱ्यावर लेप लावू नये, हे आम्हालाही शिकवतात. पथ्य सांभाळा, लेप थांबवा.

---

रानवारा

उशिरा लिहितोय, माफ करा. सांगलीला जाऊन आलो.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. गालाच्या कडेचे खवले काढून स्वतः सूक्ष्मदर्शकात बघितले आणि मलाही दाखवले : फांद्या फुटलेले धागे. वडिलांच्या कमरेतही तेच. नमुना कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून ओळखायला, गेला. दोघांना इट्राकोनाझोल हे बुरशीचं पोटातून घ्यायचं औषध आणि स्टेरॉइड नसलेलं मलम. आईच्या खाजेला रात्रीची गोळी आणि कोरडेपणाला साधं व्हॅसलिन. टॉवेल, अंथरूण, कपडे वेगळे, धुऊन कडक उन्हात. या वेळी त्यांनी स्वतःहून सांगितलं की लाली आधी वाढेल. आईला मी रोज फोनवर तेच सांगतोय.

संधिवाताच्या डॉक्टरांनी लघवी, डीएस-डीएनए, सी३, सी४ सगळं बघितलं. सगळं ठीक. ल्युपस म्हणायला काही आधार नाही, गुडघे झिजेचे आहेत म्हणाले. आई ते ऐकून दवाखान्यातच रडली.

वडिलांची कंबर झपाट्याने सुधारतेय. आईचं मात्र हळू चाललंय. दोघांना तेच औषध, मग असं का?

---

औषधवाला

आई दुसऱ्या कोणत्या गोळ्या घेतात? सगळ्या सांगा, किरकोळ वाटणाऱ्याही.

---

रानवारा

बीपीची अ‍ॅम्लोडिपिन. आणि सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी, पँटोप्राझोल. ती कितीतरी वर्षं घेते, आम्ही औषधांत धरतच नाही.

---

औषधवाला

इथेच अडलंय बहुतेक. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला मुरायला पोटातलं आम्ल लागतं. पित्ताची गोळी तेच आम्ल कमी करते. कॅप्सूल पोटात जाते पण रक्तात पुरेशी पोचत नाही. म्हणून ती भरल्या पोटी घ्यायची असते. अ‍ॅम्लोडिपिनबरोबर घेतल्यास पायाला सूज येऊ शकते, रक्तदाब उतरू शकतो, तेही लक्षात ठेवा. कोलेस्टेरॉलची गोळी कुणी दिली तर आधी विचारा, काही स्टॅटिन यासोबत चालत नाहीत. स्वतःहून काही बंद करू नका, आजच डॉक्टरांना फोन करा.

---

त्वचावैद्य

औषधवाला यांच्याशी पूर्ण सहमत. आपल्याकडे घरोघरी पित्ताची गोळी आहे आणि रुग्ण ती सांगत नाहीत, कारण आम्ही तिचं नाव घेऊन विचारत नाही.

---

रानवारा

शेवटची खबर. डॉक्टरांनी पित्ताची गोळी थांबवून जेवण आणि चहा आटोक्यात आणायला सांगितलं, इट्राकोनाझोल रात्रीच्या जेवणानंतर. त्यानंतर फरक स्पष्ट दिसला. चट्टे गेले, गालावर बारीक लाल रेषा उरल्या आहेत. त्या कमी होतील, काही राहतीलही, असं डॉक्टर म्हणाले.

मग पॅच टेस्ट. पाठीवर पट्ट्या लावल्या, दोन दिवस पाठ कोरडी ठेवायची, काढल्यावर एकदा आणि चौथ्या दिवशी पुन्हा वाचन. भारतीय संचात गाजर गवताचा अर्क असतोच. तिथे लालभडक, फोडांसकट. बाकी जागा स्वच्छ. म्हणजे गावच्या डॉक्टरांचं "अ‍ॅलर्जी" खरं होतं, कारण वेगळं होतं. सांगलीच्यांचा नायटाही खरा होता.

आता पावसाळा तोंडावर आहे. आईला घरात बसवून ठेवणं शक्य नाही, तिला रानाशिवाय करमत नाही. बांधावरचं गवत कसं काढावं?

---

आजोबा_विटा

आईनं हात लावायचा नाही, ही पहिली अट. दुसऱ्यानं हातमोजे घालून, अंगभर कपडे घालून, पहिल्या पावसानं माती ओली झाली की मुळासकट उपटायचं. फूल यायच्या आत. एकेक झाड हजारो बिया टाकतं, फूल आलं की पुढची कित्येक वर्षं भोगायचं. फुलाआधीचं हिरवं गवत खड्ड्यात घालून कंपोस्ट होतं. मोकळ्या जागेवर टाकळ्याचं बी फेका, तो दाट वाढून याला उठू देत नाही. पावसाळ्यात पानं खाणारे पिवळसर, काळ्या रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकोचे भुंगे यासाठीच १९८४ च्या सुमारास बंगळूरला आणले होते.

---

त्वचावैद्य

आईंनी रानातून आल्याबरोबर साबणाने चेहरा, मान, हात धुऊन कपडे बदलावेत. कपडे बांधाच्या बाजूला वाळत घालू नयेत. परड्यात शेवंती असेल तर तीही तोडायला दुसऱ्याला सांगा, कूळ तेच आहे आणि काहींना तिनेही उठतं. पावसात पापण्या पुन्हा खाजल्या तर मेडिकलमध्ये न जाता त्याच आठवड्यात सांगलीला दाखवा. गाजर गवताच्या अ‍ॅलर्जीला पोटातून घ्यायची औषधं आहेत, रक्त तपासत ती देता येतात.

---

रानवारा

शेवंती आहे, आईनेच लावलेली. बघतो. बांधापलीकडचं रान चुलत्यांचं आहे, त्यांच्याशी बोलणं झालंय. रस्त्याकडेचं ग्रामपंचायतीचं, तिथे अर्ज दिलाय.

---

निशिगंध

अर्जाची पोच घेऊन ठेवा. आणि काकूंना माझा नमस्कार सांगा.